बर्फ हलतो का?

प्रिय भिंगरी,

मावशीकडे तुझं बस्तान छान बसलं आहे, तू उशिरा उठतेस आणि तिच्या कुंड्यांना नको इतकं पाणी घालतेस, असं तिनेच फोनवर सांगितलं. माझे फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि एकदा हातात घेतलंस की तू वाचल्याशिवाय राहणार नाहीस. लहानपणी माझी सगळी पत्रं माझ्याआधी तूच वाचायचीस. तुझ्या नृत्यविभागाच्या प्रमुखांनी तुझा राजीनामा अजून पुढे पाठवलेला नाही. "महिनाअखेरपर्यंत मला तो दिसतच नाही," असं म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. भला माणूस आहे. तुझ्या सरावाच्या खोलीची किल्ली माझ्याकडेच आहे. परवा जाऊन खिडक्या उघडल्या, चटया उन्हात टाकल्या. तुझे विद्यार्थी आशेने दारातून डोकावतात आणि मला पाहिलं की त्यांची तोंडं उतरतात. त्यांचं तरी काय चुकलं, माझा चेहराच तोंडी परीक्षा घेणाऱ्या बाईचा आहे.

नाचातून विज्ञान शिकवायचं आपलं हे काम विद्यापीठात सुरू झालं असं आपण सगळीकडे लिहितो, पण ते सुरू झालं माझ्या स्वयंपाकघरात. पाणी उकळतं म्हणजे काय होतं, याची पाठ केलेली उत्तरं तपासून मी वैतागले होते. मुलांना सगळं येत होतं आणि कळलेलं काहीच नव्हतं. तू ओट्यावर पाय हलवत बसली होतीस. "ताई, मला नीट सांग बघू, हे कण करतात तरी काय?" मी सांगत गेले आणि तू उठून करून दाखवत गेलीस. उकळण्यापर्यंत पोचलीस तेव्हा साखरेचा डबा खाली आला आणि तुझे भाऊजी वर्तमानपत्र घेऊन मुकाट्याने गॅलरीत जाऊन बसले. विज्ञान कसं शिकवावं यावर मी इतकी वर्षं व्याख्यानं देत आले होते, आणि त्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीने साखरेत उभं राहून ते मला दाखवलं. मला हेवा वाटला, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. मग प्रस्ताव झाला, तुझ्या विभागाने नाक मुरडलं, माझ्या विभागाने त्याहून जोरात मुरडलं. "आता पदार्थविज्ञान नाचून शिकवणार का?" असं विचारणाऱ्या सरांना तू म्हणालीस, "तुम्हीही या ना, भांडं म्हणून कडेला कुणीतरी उभं राहायला लागतंच." ते अजून तुला पाहिलं की जिना बदलतात.

शाळेच्या सभागृहातला तो दिवस मी विसरणं शक्य नाही. एका वर्गाला मी फळ्यावर शिकवलं होतं आणि दुसरा वर्ग तुझ्या हाती दिला होता. आधी बर्फ, मग पाणी, मग वाफ. वाफेत मुलं भिंतींपर्यंत धावली, पाण्यात एकमेकांना खेटून सरकत राहिली. पण सगळ्यांचा श्वास अडकला तो बर्फाला. ओळीत उभी राहिलेली ती कार्टी, एरवी क्षणभर बूड न टेकणारी, आणि तू त्यांच्यामधून फिरत हळू आवाजात म्हणत होतीस, "अजून स्थिर. अजून." पापणीसुद्धा हलत नव्हती. मागे उभ्या असलेल्या मुख्याध्यापिकांनी डोळे टिपले. स्थिर उभं राहणं ही तुझी खरी विद्या. तुझ्या गुरूंनी ती तुझ्याकडून घोटून घेतली होती आणि तू ती एका दुपारी त्या पोरांच्या अंगात उतरवलीस.

वर्षाने आपण दोन्ही वर्गांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. माझा वर्ग सगळं विसरला होता. तुझ्या वर्गाला सगळं आठवत होतं, आणि बर्फातले कण हलतात का, या एका प्रश्नाला झाडून सगळ्यांनी एकच उत्तर दिलं होतं: नाही, अजिबात नाही, पापणीसुद्धा नाही. कण आपापल्या जागी थरथरत असतात, बर्फातही, हे माझ्या वर्गातल्या निम्म्यांनी निदान अंदाजाने तरी लिहिलं होतं. कागद वाचून तू हसलीस, मला वाटलं गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी राजीनामा. "मी त्यांच्या अंगात खोटं भरलंय ताई, आणि अंगातलं निघत नाही," एवढंच म्हणालीस आणि मावशीच्या गावची गाडी पकडलीस. शोधनिबंधावरून तुझं नाव काढायचं, मुलांबरोबर पुन्हा काम करायचं नाही, असं सगळं तू एकटीने ठरवून टाकलंस. लहानपणीसुद्धा खेळात हरलीस की खेळच उधळून द्यायचीस.

तर ऐक. निबंध गेला, तुझ्या नावासकट, आणि तुझं नाव पहिलं आहे. चूक लपवलेली नाही, उलट तीच मधोमध मांडली आहे. आकडेवारी पाहणारे आपले सर तर हरखून गेले आहेत. शरीराने शिकलेलं इतकं पक्कं बसतं, की चुकलेलंही पक्कं बसतं, हे आजवर एवढं स्वच्छ दिसलंच नव्हतं म्हणतात. मला विचारशील तर, तुझी शिकवण्याची ताकद याहून चांगली कुणी सिद्ध करू शकलं नसतं. आता थरथरणारा बर्फ उभा करायला हवा, आणि जागा न सोडता थरथरायचं कसं, हे मी कुणाला शिकवणार? मी वर्गात प्रयत्न केला तर पोरं मला डॉक्टरांकडे नेतील.

पण एवढं सांगायला मावशीजवळ निरोप दिला असता तरी चाललं असतं. पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. मागच्या आठवड्यात मी त्या शाळेत गेले होते. म्हटलं, फळ्यावर दोन आकृत्या काढून मुलांचा गैरसमज दूर करून टाकावा. व्हरांड्यात एका मुलीने मला गाठलं. चष्मा नाकावरून घसरणारी, किरकोळ अंगाची, तुला बहुतेक आठवणारही नाही. "नाचाच्या बाई माझ्यामुळे गेल्या का?" असं तिने विचारलं. बर्फात उभी असताना तिचे पाय थरथरत होते म्हणे, किती आवळून धरले तरी थांबेचनात. तू तिच्या खांद्यावर हात ठेवून "अजून स्थिर" म्हणालीस, तरी थांबले नाहीत. प्रयोगात काहीतरी चुकलं असं शिक्षकांच्या बोलण्यातून तिच्या कानावर आलं आणि तेव्हापासून ती शाळेच्या कुठल्याच नाचात उभी राहत नाही. "तुझ्यामुळे नाही गेल्या," एवढं मी तिला शपथेवर सांगितलं. पुढचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं. वर्गात न जाताच परत आले. भिंगरी, खांद्यावर हात तुझा होता, माझा नाही. मी शुक्रवारपर्यंत वाट पाहीन, त्यापुढे त्या पोरीला तसं ठेवणं मला जमायचं नाही, मग मीच सांगेन. राजीनाम्याचं तुला हवं ते कर. पण त्याआधी ये, आणि त्या अख्ख्या बर्फात तीच एकटी बरोबर होती, हे तिला तू सांग.

तुझीच,
ताई