बाकीचे सगळे मागे पडतात

१९ एप्रिल १९५४, सोमवार. सकाळ.
काल ईस्टर झाला. उपासाचे चाळीस दिवस संपले, शहरात पुन्हा नाच सुरू. आजपासून रोजनिशी लिहायची, कारण बातमीच तशी आहे. पारँ पायऱ्यांवरून पडला. डावं मनगट मोडलं. पारँ म्हणजे नार्सिस दुव्हेर्ने, वय एकाहत्तर. माझ्या बाप्तिस्म्याचा बाप, म्हणून पारँ, माझा गुरू, आणि मिस्टर लाकाझच्या ब्रास बँडचा कायमचा ड्रमर. त्याच बँडमध्ये मी अकरा वर्षं बदली ड्रमर आहे.
फार वाईट वाटलं. डोक्याचं माप घेतलं. कायमच्या माणसाला सोनेरी अक्षरांची टोपी मिळते. सव्वासात.

२० एप्रिल, मंगळवार.
संकल्प. कामावर जायच्या आधी रोज दीड तास रियाझ. बिअर बंद. पारँला रोज भेटायचं. मिस्टर लाकाझसमोर शांत, गंभीर राहायचं, जागेचा विषय आपण काढायचा नाही.
आज उठायलाच उशीर झाला. रियाझ उद्यापासून. संध्याकाळी मिस्टर लाकाझ न्हाव्याकडे दिसले. जागेचा विषय काढला. ते दाढीच्या फेसात होते, त्यामुळे काही बोलले नाहीत. नकार दिला नाही, हे महत्त्वाचं.

२२ एप्रिल, गुरुवार.
पारँला भेटलो. म्हटलं, तू निर्धास्त राहा, तुझी जागा मी सांभाळतो. तो म्हणाला, "जागेचं राहू दे रे पोरा, ठोका सांभाळ. तू पळतोस." मी पळत नाही. बाकीचे सगळे मागे पडतात. पण आजारी माणसाशी वाद घालू नये. फक्त अर्धा तास घातला.

२३ एप्रिल, शुक्रवार.
पारँचं समाधान व्हावं म्हणून रॅम्पार्ट स्ट्रीटवरून मेट्रोनोम आणला. लाकडी पेटी, वर काटा हलतो, टकटक करतो. लावून पाहिला. चक्क मंद आहे! आपण चार ठोके वाजवावेत तर हा अजून तिसऱ्यावर. परत करणार.

२४ एप्रिल, शनिवार. दुपार.
दुकानदार मिस्टर फेल्डमन यांनी बदलून दिला. दुसराही मंद.

२५ एप्रिल, रविवार. चर्चमधली मिस्सा चुकवून.
काल रात्री सोसायटीच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या मदत-मंडळाच्या, हॉलमध्ये नाच होता. अख्ख्या ड्रमसेटवर मी. कार्यक्रम अकराला संपायचा. आमची सगळी गाणी सव्वादहालाच संपली. असं या शहरात आजवर कुणी करून दाखवलेलं नाही. बिजू ट्रॉम्बोनवाला भिंतीला टेकून बसला होता, तोंड उघडं, दोन बायका वारा घालत होत्या. वय बत्तीस. हल्लीच्या लोकांत दमच नाही.
नाचाच्या जुन्या शौकीन मिस ओडील दाराशी भेटल्या. म्हणाल्या, "बेबी, मी नाचायला आले होते, बस पकडायला नव्हे." बाईंना विनोदाची जाण आहे. बँडमध्ये मला आता सगळे 'एक्सप्रेस' म्हणतात. अशी नावं उगीच मिळत नाहीत.

२६ एप्रिल, सोमवार.
तिसरा मेट्रोनोम. तोही मंद. मिस्टर फेल्डमन चष्मा काढून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "तिन्हीच्या तिन्ही, मिस्टर गास्पार्द?" मी त्यांना समजावलं की आपल्याकडची दमट हवा लाकडात शिरते. त्यांनी पुढचा मेट्रोनोम द्यायला नकार दिला. माझा मुद्दा पटला असावा.
रात्री राजमा-भात. सोमवार आहे, घरोघरी तेच.

२८ एप्रिल, बुधवार.
मिस्टर लाकाझना पत्र लिहायला घेतलं. त्यांनी मागितलेलं नाही, पण माणसाची कारकीर्द एकदा कागदावर आलेली बरी. नवव्या वर्षी आईच्या कपडे धुवायच्या टबवर सुरुवात. बाराव्या वर्षी पारँनं काठ्या दिल्या. सोळाव्या वर्षी नदीवरच्या बोटीत, तीन आठवडे. कॅप्टन म्हणाला, इंजिन एकच पुरे. विसाव्या वर्षी मोठ्या हॉलमधला बँड, सहा दिवस. तिथला क्लॅरिनेटवाला माझ्यावर जळायचा, एका गाण्याच्या मध्यातच घरी निघून गेला. मग लग्न. मग गिलाव्याचं काम, जे तात्पुरतं आहे. एकवीस वर्षं झाली.
बायकोला वाचून दाखवलं. क्लोटिल्ड शिवणयंत्रावरून मान न उचलता म्हणाली, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." ही म्हण मला लागू होत नाही. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली.

४ मे, मंगळवार.
मादाम रिशूंच्या छताचा गिलावा पडला. जेवणाच्या टेबलावर. मुकादम म्हणतो, पहिला थर वाळायच्या आत मी दुसरा चढवला. हवा दमट आहे, हे मी कितीदा सांगायचं?
तरी बातमी चांगली. मिस्टर ओनेझीम त्रेव्हिन वारले. म्हणजे बातमी वाईट. शनिवारी अंत्ययात्रा, आमचा बँड, आणि छोटा ड्रम माझ्या गळ्यात. मिस्टर लाकाझ स्वतः सांगायला आले. म्हणाले, "एव्हारिस्त, या एका यात्रेत बघतो. हळू वाजव. फार हळू. पारँची जागा तुझी की नाही, ते त्यावर ठरेल." मी म्हटलं, काळजी सोडा.
टोपीवाल्याकडे चौकशी करून ठेवली.

७ मे, शुक्रवार.
पारँकडे तासभर. त्यानं एका हातानं दाखवलं. ड्रमखालच्या तारांत रुमाल खोचायचा, म्हणजे आवाज दबतो. स्मशानापर्यंत एकेक ठोका, एकेक पाऊल. माणसाला थडग्यात ठेवेपर्यंत, बायकोचं रडून होईपर्यंत, मंडळी फाटकाबाहेर चार पावलं येईपर्यंत रुमालाला हात लावायचा नाही. मग काढायचा, आणि मग जो ठोका द्यायचा त्यावर गल्लीनं नाचायचं. मी म्हटलं, पारँ, हे मला बाराव्या वर्षापासून येतं. तो म्हणाला, "येतं रे. धीर येत नाही. पेटीतल्या माणसाला कसली घाई असते?"
रियाझ केला. अकरा मिनिटं.

८ मे, शनिवार. दुपारी तीन.
यशस्वी.
दहाला चर्चपासून निघालो. पहिला कोपरा अगदी हळू. मग बिजू मागे पडायला लागला, म्हणून बँडला थोडा आधार द्यावा असं वाटलं. आधार दिला. शवगाडीच्या घोड्यांना तो फार आवडला. जनावरांना ताल चटकन कळतो. अकराला पोहोचायचं होतं, दहा बत्तीसला स्मशानाच्या फाटकात उभे! जमिनीवर विटांनी बांधलेलं थडगं अजून उघडलेलं नव्हतं. ते उघडणारा गवंडी पाय पसरून पावात तळलेली कोळंबी भरून खात होता. स्मशानाचे पाद्री फादर व्हेर्ने घरी दाढी करत होते, त्यांना बोलावणं धाडावं लागलं. या शहरात अंत्ययात्रा वेळेआधी पोहोचली, ही माझ्या माहितीतली पहिलीच.
विधवा मिस फिलोमेन (आमच्याकडे वयाच्या बाईला लग्नानंतरही मिसच म्हणतात) पाच मिनिटांनी आल्या. अंगानं भरलेल्या आहेत, वरून काळा गरम झगा. दोन भाच्यांनी दोन्हीकडून धरलं होतं. मला म्हणाल्या, "जिवंत होता तोवर माझा ओनेझीम कधी कुठे वेळेवर गेला नाही. आज त्याला पळवत आणलास!" मी मान लववली. दुःखात माणसाला कौतुक नीट करता येत नाही.
मग प्रार्थना. ती फार लांबली. मी फाटकाजवळ उभा होतो. ऊन, माश्या. तारांतला रुमाल जरा घसरल्यासारखा वाटला, नीट करायला गेलो तर निघालाच. निघालाच आहे तर एक छोटा ठोका देऊन तारा बघाव्यात म्हटलं. छोटाच दिला. पण बाहेर दोनशे माणसं त्याच ठोक्याची वाट बघत होती. छत्र्या उघडल्या, सगळे नाचत निघाले, बँडलाही वाजवावं लागलं. मिस फिलोमेन तेव्हा थडग्याजवळ होत्या. पेटी अजून थडग्याबाहेर होती.
लोकांचा प्रतिसाद उत्तम. मिस्टर लाकाझ सबंध परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत. भारावले असणार.

९ मे, रविवार.
क्लोटिल्ड बोलत नाही.

१० मे, सोमवार.
बोलली. म्हणाली, मिस फिलोमेनची माफी माग. कशाची? रुमाल घसरला. म्हटलं, रुमालानं मागावी. तिनं राजमा-भाताचं ताट माझ्यासमोरून उचललं आणि शेजाऱ्यांकडे दिलं.
टोपीवाल्याला सांगून आलो. सव्वासात, सोनेरी अक्षरं.

१२ मे, बुधवार.
मिस फिलोमेनकडे गेलो. माफी वगैरे नाही, सहज. बाई व्हरांड्यात बसल्या होत्या. म्हणाल्या, "एकोणचाळीस वर्षं संसार केला. शेवटचं बोलायला चार मिनिटं हवी होती. तीच तुला परवडली नाहीत." मी म्हटलं, रुमाल... त्यांनी बस म्हटलं नाही. उभ्याउभ्याच परत आलो.
जेवण गेलं नाही. हवामान.

१४ मे, शुक्रवार. संध्याकाळ.
मिस्टर लाकाझ घरी आले. मी धावत जाऊन इस्त्रीचा शर्ट घातला. क्लोटिल्डनं कॉफी ठेवली. ते कपाकडे बघत म्हणाले, २३ तारखेला सोसायटीची वार्षिक मिरवणूक आहे, तेव्हा ड्रम नार्सिस वाजवणार. म्हटलं, कुठल्या हातानं? म्हणाले, उजव्या. म्हटलं, आणि डाव्याचं काम? म्हणाले, "डाव्याचं सोडून देणार." म्हणजे एका हाताचा म्हातारा चालेल, आणि माझे धडधाकट दोन हात नाही चालणार!
मी म्हटलं, ठीक आहे, तात्पुरती सोय झाली, बदलीला मी आहेच. ते म्हणाले, "बदलीलाही दुसरा बघतोय, एव्हारिस्त. तू वाईट माणूस नाहीस. पण तुझ्यामागे चालताना बारा जणांना धाप लागते. अकरा वर्षं वाट बघितली मी, आज हळू होशील, उद्या हळू होशील. माझंच चुकलं, आधीच सांगायला हवं होतं." जाताना ड्रम घेऊन गेले. तो बँडचा आहे.
मी क्लोटिल्डला म्हटलं, कांद्यानं डोळ्यांत पाणी आलं. ती शिवत होती. कांदा घरात नव्हता. तिनं यंत्र थांबवलं आणि जवळ येऊन बसली.

१५ मे, शनिवार.
संगीत सोडलं. कायमचं. काठ्या देऊन टाकल्या, समोरच्या सुताराला.

१७ मे, सोमवार.
काठ्या परत मागून आणल्या. एका काठीनं त्यानं रंग ढवळला होता.

२२ मे, शनिवार.
उद्याच्या मिरवणुकीला जाणार नाही. एका हातानं ड्रम म्हणजे शहराची शोभा होणार आहे, ती मला बघवणार नाही.

२३ मे, रविवार. दुपार.
गेलो. नुसतं बघायला.
पारँचा हात पांढऱ्या झोळीत होता. झोळीला कुणीतरी सोसायटीच्या रंगाची फीत लावली होती. बँड निघाला. मी फुटपाथवर होतो, हातात छत्री, बँडशी माझा काही संबंध नाही असा चेहरा. दुसऱ्या गाण्याला पाय आपोआप उचलले. नाचलो. डोळे मिटून नाचलो. खोटं कशाला लिहू, या जगात मला दुसऱ्या कशानंच एवढा आनंद होत नाही.
डोळे उघडले तर आजूबाजूला कुणी नाही. डुमेन स्ट्रीटचा कोपरा. मी एकटा, छत्री उघडी. स्ट्रॉबेऱ्या विकणारी बाई माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "मिरवणूक संपली का, बेबी?" म्हटलं, नाही, यायची आहे. म्हणाली, "मग तू कुणाबरोबर आलास?" म्हटलं, त्यांच्याबरोबरच. तिनं मागचा मोकळा रस्ता बघितला, मग मला बघितलं. "आणि ते कुठे आहेत?"
म्हटलं, येतायत.
उभा राहिलो. बराच वेळ लागला. मग ते आले. बिजूला धाप नव्हती. मिस ओडील नाचत होत्या, पंच्याहत्तरीच्या बाई, आरामात. क्लोटिल्ड त्यांच्यातच होती. पारँनं मला बघितलं, हसला, उजवा हात चालूच. दोन ठोक्यांमध्ये एवढी जागा होती की त्यात माणसं पाऊल टाकत होती, वळत होती, एकमेकांना हाका मारत होती.
ठोका हळू होता. आणि बरोबर होता. मी पळतो. नवव्या वर्षापासून पळतोय.
सगळे पुढे गेल्यावर त्यांच्या मागून चालायला लागलो. पुढचा चौक येईपर्यंत तीनदा पुढे गेलो. तीनदा थांबून त्यांना येऊ दिलं.