पाहुण्याला कुठवर सोडावं

सोमवार, ६ जानेवारी २०२५, माजलगाव

आले एकदाची! उदगीरहून परळी, परळीहून इथं. बसमध्ये एका गृहस्थांनी माझ्या बॅगेवर पाय ठेवून अख्खा प्रवास केला आणि उतरताना मलाच विचारलं, बॅग तुमची का? माझ्या पहिल्या लेखाचा विषय आयताच मिळाला.

खोली हाफिजाआपांच्या घरी, वरच्या मजल्यावर. आपा उर्दू शाळेतून निवृत्त झाल्यात. जिना त्यांच्या बैठकीतूनच चढतो, त्यामुळे माझ्याकडे येणारा प्रत्येकजण त्यांच्या नजरेखालून जाणार. आईला हे सांगितल्यावर ती निम्मी निश्चिंत झाली. खोलीत एक खाट, एक लाकडी खुर्ची, खिडकीत लिंबाची फांदी.

काम गमतीचं आहे. आमच्या दैनिकात दर रविवारी ‘चार माणसांत’ हे सदर येतं. कसं वागावं, कसं बोलावं, लग्नात आहेर काय द्यावा, असलं लोक विचारतात आणि ‘शिवम्माकाकू’ खोचक उत्तर देतात. या काकू म्हणजे एकोणीस वर्षं सिद्धाराम गुरुजी होते, मिशीवाले! नोव्हेंबरात ते सोलापूरला लेकीकडे गेले, असं संपादक अमरनाथ सर म्हणाले. आता काकू मी, अपेक्षा.

गुरुवार, ९ जानेवारी

पत्रांचा ढीग उपसला. दिंद्रुडच्या एका सासूबाईंना सून ‘अहो आई’ न म्हणता ‘हॅलो’ म्हणते याचा त्रास आहे. गेवराईच्या एकाला मयताच्या घरी मोबाइल वाजला तर काय करावं ते हवंय. (लिहिलं, ‘उचलू नये. वाजणारं गाणं उडतं असेल तर सरळ बाहेर जावं, आणि परत येऊ नये.’)

एक पोस्टकार्ड मात्र छान. टपोरं, जुन्या वळणाचं अक्षर, खाली सही ‘एक पाहुणा’. पहिल्यांदा कुणाकडे जाताना कळवून जावं की न कळवता? मी लिहिलं, ‘कळवून जावं. न कळवता फक्त मीटर बघणारा येतो.’ सर मोठ्यानं हसले. कार्डावर तिकीट नव्हतं, टपालाचा शिक्काही नव्हता. कुणीतरी हातानं आणून टाकलं असणार.

सोमवार, १३ जानेवारी

पाहुण्याचं दुसरं कार्ड. एवढंच, ‘कळवीत आहे. उद्या संक्रांतीस दुपारी येईन.’

आमचा टायपिंगचा ऑपरेटर कामरान मान खाली घालून हसत होता. त्याचीच खोडी असणार.

मंगळवार, १४ जानेवारी

दोनला घरी आले. माझ्या दाराबाहेर, वरच्या पायरीवर, चामडी चपलांचा जोड. जुना, पण नीट जुळवून ठेवलेला. आपांना विचारलं. त्या सकाळपासून बैठकीत तीळ निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, “वर कुनीबी न्हाई गेलं, बेटा. मी हितंच हाय की.”

खाली जाऊन वर येईपर्यंत चपला नव्हत्या.

गुरुवार, १६ जानेवारी

पुन्हा कार्ड. यजमान घरी नसेल तर दाराशी किती वेळ थांबावे, की आत जाऊन थांबावे?

कामराननं आईची शपथ घेतली की तो नाही. मला खरं वाटलं नाही. खोडीला खोडीनंच उत्तर द्यावं म्हणून लिहिलं, ‘उन्हात कशाला उभं राहता? आत सावलीत जावं. मात्र कुणी बसा म्हटल्याशिवाय बसू नये.’

सोमवार, २० जानेवारी

कुलूप जसंच्या तसं होतं. आत, खुर्चीसमोर, फरशीवर धुळीची दोन पावलं. बोटं खाटेकडे. येणारी पावलं नाहीत, जाणारी नाहीत. कुणीतरी बराच वेळ एकाच जागी उभं होतं. खुर्चीला हातसुद्धा लावलेला नाही.

दुसरी किल्ली आपांकडे आहे. पत्ता सरांना आणि कामरानला माहीत आहे. तिघांपैकी कोण? आपांनी आज मला जेवलीस का विचारलं, तेसुद्धा मला वेगळंच वाटलं.

मंगळवार, २१ जानेवारी

कार्ड ऑफिसात नाही आलं. माझ्या उशीवर होतं.

‘उभा आहे. बसा म्हणाल का?’

बुधवार, २२ जानेवारी

जुन्या अंकांची फाइल काढली. नोव्हेंबर. ‘एक पाहुणा.’ तेच प्रश्न, त्याच क्रमानं. गुरुजींनी तिसऱ्याला लिहिलंय, ‘बसावं की! घर आपलंच समजावं.’ पुढच्या रविवारी चौथा प्रश्न, ‘निघताना यजमानाने पाहुण्याला सोडायला कुठवर यावे?’ गुरुजींचं उत्तर, ‘पाहुणा म्हणेल तिथवर.’

त्यानंतर सदर नाही. थेट माझं.

गुरुवार, २३ जानेवारी

सोलापूरला गुरुजींच्या लेकीला फोन केला. बाबा इकडं आलेच नाहीत, म्हणाली. सर सांगतात की ते माजलगावलाच आहेत, तब्येतीमुळं फोनवर बोलत नाहीत. मग तीच मला विचारू लागली, कसे आहेत हो ते? मी मधेच फोन ठेवून दिला. असं करू नये, हे मीच लोकांना शिकवते.

सरांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी दार लावून घेतलं. खणातून एक चिठ्ठी काढली. अक्षर गुरुजींचं, ‘पाहुण्यांना सोडून येतो. लगेच येतो.’ पोलिसांत का गेला नाहीत, विचारलं. सर म्हणाले, “चिठ्ठी माझ्या घरात सापडली. माझ्या बायकोच्या देवघरात. दाराला कुलूप होतं, अपेक्षा. आन् चिठ्ठीखाली पाहुण्याचं कार्ड होतं, सदर बंद करू नये म्हणून.”

म्हणून त्यांनी मला आणलं. डोळ्याला डोळा न भिडवता ते एवढंच म्हणाले की बसा मात्र म्हणू नकोस.

शुक्रवार, २४ जानेवारी

दुपार. लख्ख ऊन. खुर्चीजवळ कुणी नाही. पण फरशीवर पडलेली लिंबाची सावली तिथं तुटते — माणसाच्या रुंदीएवढी.

मघाशी तिथूनच कुणीतरी घसा खाकरला. हळूच. अदबीनं.

आपा चहा घेऊन आल्या. दोन कप. खुर्चीकडे पाहून त्यांनी पदर सावरला. मला म्हणाल्या, “कवापासून हुबे हायती, बेटा. बस तरी म्हन की. पाय दुखत आसतील त्यांचे.”

मी विचारलं, कोण? त्या हसल्या. मी थट्टा करतेय असं त्यांना वाटलं.

शनिवार, २५ जानेवारी

सदर पाठवलं नाही. सरांना सांगितलं नाही. आपांना निरोप नाही. असभ्य तर असभ्य.

सकाळची परळी गाडी. खिडकीची जागा. शेजारी बॅग ठेवलीय, कुणी बसू नये म्हणून.

दिंद्रुड मागं पडलं. ऊन. ऊस भरलेले ट्रॅक्टर. आईला फोन केला, येतेय म्हटलं. ती काही न विचारता म्हणाली, ये. रडू आलं.

गाडी भरलीय. मधल्या थांब्याला बरेच चढले. लिहीत होते. कुणीतरी वाकून विचारलं, इथं कुणी आहे का? म्हातारा आवाज होता. मी मान वर न करताच बॅग मांडीवर घेतली, सरकले, सवयीनं म्हणाले, बसा

मी म्हणाले

बसलेत. कंडक्टर दोन तिकिटं फाडतोय. मी मागितली नाहीत. मान वर करणार नाही. करणार नाही. गृहस्थ हळूच विचारताहेत — ताई, तुम्ही मला सोडायला कुठवर