‘संस्कारित बियाणे’ या शब्दाबद्दल देवराव गजभिये यांचे मृत्युपत्र

मी, देवराव सोमाजी गजभिये, वय वर्षे त्रेसष्ट, धर्म बौद्ध, निवृत्त शेतकी सहायक, राहणार इंदोरा, नागपूर, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे, चष्म्याने दिसते, मागे उभे राहून कोणी सांगत नाही. रागात आहे, पण हा राग अकरा वर्षांचा आहे, त्यामुळे त्याने हात थरथरत नाही. १९७२ साली केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी खोटे लिहिले होते.

कलम १. माझ्यानंतर त्रिशरण, पंचशील म्हणावे आणि लोकांना घरी जाऊ द्यावे. शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर मधुकररावांना बोलू देऊ नये. ते न बोलावता येतील आणि चांगले बोलतील, म्हणून आधीच लिहून ठेवतो. ते माझे वरिष्ठ होते. त्यांचे आडनाव लिहून कागदाची जागा घालवत नाही.

कलम २. माझी सायकल शेजारी नानाजी बागडे यांना द्यावी. ती त्यांनी उन्हाळ्यात दोन दिवसांसाठी नेली, अजून त्यांच्याच अंगणात आहे. आता निदान कायदेशीर होईल. माती काढायची गिरमिट आणि चाळण्या पारशिवनीच्या शाळेला द्याव्यात. मास्तरांनी त्या कपाटात कुलपात ठेवल्या तर परत आणाव्यात.

कलम ३. घराचे सांगण्याआधी एका पुस्तिकेचे सांगावे लागते.

माझी नोकरी पारशिवनी तालुक्यात फिरण्यात गेली. कचेरीतून पत्रके येत, ती मी चावडीवर वाचून दाखवी. लोक ऐकून घेत आणि मग विचारत, म्हणजे काय? म्हणून मी एक वही केली. पत्रकातला शब्द आणि त्याखाली त्याचा अर्थ, शेतकऱ्याला कळेल असा. वाफसा: मुठीत माती दाबा, मूठ उघडा, गोळा राहिला, पण बोटाला चिकटला नाही, की पेरा. उगवणशक्ती: शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळा, आठ दिवसांनी किती फुटले ते मोजा. संकरित: दोन जातींचे लग्न लावून केलेले बी, याच्या पिकातले दाणे पुढच्या सालासाठी राखू नका. असे दोनशे चौदा शब्द झाले. निम्मे अर्थ मला बायाबापड्यांनी सांगितले.

त्यात एक शब्द होता: विष चोळलेलं बी. त्याखाली मी लिहिले होते, ‘हे बी फक्त पेरायचे. माणसाने खायचे नाही, गुरांना, कोंबड्यांना घालायचे नाही. धुतल्याने विष जात नाही.’

१९६८ साली मधुकररावांनी वही छापायला घेतली. सदरमधल्या छापखान्यात टाकण्याआधी त्यांनी ती ‘शुद्ध’ केली. तांबड्या पेन्सिलीने माझे शब्द खोडले आणि वर आपले लिहिले. या शब्दाच्या जागी त्यांनी लिहिले, ‘संस्कारित बियाणे: रासायनिक प्रक्रियेने निर्जंतुक व कीडमुक्त केलेले बियाणे.’ खालची तिन्ही वाक्ये कापली. विष या शब्दाने शेतकरी बिचकतो, असे त्यांचे म्हणणे होते.

कलम ४. पारशिवनीपासून चार कोसांवर धोंडबा मेश्राम नावाचा शेतकरी होता. चौथी शिकलेला. त्या वर्षी त्याची गव्हाची पेरणी झाली आणि चोळलेल्या बियाण्याचे पाऊण पोते उरले. त्याने पुस्तिका उघडून बायकोला, मैनाबाईला, वाचून दाखवले. संस्कारित, निर्जंतुक, कीडमुक्त. घरात गहू सणालाच दिसायचा. तिने तो धुतला, औषधाच्या रंगाचे गुलाबी पाणी निघून गेले, वाळवून दळला. दीड महिना त्याच्या पोळ्या झाल्या. पोळी ती नवऱ्याला वाढायची आणि स्वतः ज्वारीची भाकर खायची, म्हणून ती वाचली.

धोंडबाच्या आधी पायांची जाण गेली. तो वखरामागे चालताना पडू लागला, लोक म्हणाले दारू पिऊन राहिला. मग दिसेना. होळीच्या आधी नागपूरच्या दवाखान्यात तो वारला. त्याला शेवटी बायकोचा आवाजही ओळखू आला नाही.

कलम ५. चौकशी लागली. मधुकररावांनी सांगितले की तो शब्द गजभियांच्याच वहीत होता, त्यांनी फक्त छापला. मी म्हणालो, वही आणतो. तिच्यात त्यांची तांबडी पेन्सिल होती. घरी आलो तर वही नव्हती. माझा मुलगा अनंत, तेव्हा बावीस वर्षांचा, म्हणाला की त्याने ती चुलीत घातली. का, ते सांगेना. चौकशीत काही ठरले नाही. मधुकरराव वर चढत गेले, माझी बदली गडचिरोलीकडे झाली. मी अनंतला विकला गेलेला म्हटले, नातेवाइकांत म्हटले, त्याच्या लग्नात मांडवात बसून म्हटले. तो कोराडीला वीज केंद्रात लागला, तिथल्या वसाहतीत राहतो. त्याच्या घरचे पाणी मी आजवर प्यायलो नाही. १९७२ च्या मृत्युपत्रात त्याला ‘बापाचा पुरावा जाळणारा’ लिहिले.

कलम ६. आता खरे.

छपाईच्या आधी तपासायचे कागद माझ्याकडे आले होते. छापखान्यातले खिळे जुळवणारे जुळारी भैय्याजी गोन्नाडे ते सायकलवर घेऊन आले. मी तो शब्द पाहिला. तीन वाक्ये गेलेली पाहिली. भैय्याजींनीही विचारले, ‘हे तुमचंच आहे ना गा, देवराव?’ मुखपृष्ठावर माझे नाव होते, पहिल्यांदाच छापलेले, मधुकररावांच्या नावाखाली. भांडलो असतो तर माझे नाव निघाले असते. मी ‘वाचले, बरोबर आहे’ असे लिहून सही केली. त्या कागदांची एक प्रत वहीत ठेवली होती. अनंतने वही जाळली ती त्या सहीसाठी. त्याला माहीत होते आणि मलाही माहीत होते की त्याला माहीत आहे.

याने मधुकररावांचा गुन्हा तिळभर कमी होत नाही. पुस्तिकेची एक प्रत, ते पान दुमडून, त्यांना रजिस्टर पोस्टाने पाठवावी आणि पोहोच जपून ठेवावी.

कलम ७. मागच्या महिन्यात मी मैनाबाईकडे गेलो. घर तिच्या नावे करतो म्हणालो. ती भुईमुगाच्या शेंगा सोलत होती, हात थांबले नाहीत.

‘घर घेऊन काय करू मी? मले येवढंच सांगा, त्या पुस्तकावर तुमचं नाव होतं, तं तुमी पाह्यलं काहून नाही?’

मी म्हणालो, ‘पाह्यलं होतं.’

तिने शेंगांचे सूप बाजूला ठेवले. माझ्याकडे नीट बघितले आणि म्हणाली, ‘मंग जा आता.’

मी आलो. तिने काही घेतले नाही, म्हणून तिच्या नावे काही ठेवत नाही.

कलम ८. घर विकावे. त्या पैशातून आणि पोस्टातल्या बचतीतून माझी नवी वही छापावी. जुनी आठवून, पुन्हा गावोगाव विचारून ती मी सात वर्षांत लिहिली आहे. प्रती पारशिवनी तालुक्यात फुकट वाटाव्यात. एकही शब्द कोणी शुद्ध करू नये. पहिल्या पानावर, माझ्या नावाच्या जागी, हे छापावे: ‘१९६८ च्या पुस्तिकेतील चुकीच्या शब्दामुळे धोंडबा मेश्राम विषारी गहू खाऊन मेले. तो शब्द मधुकररावांनी घातला. देवराव गजभिये यांनी तो छपाईआधी वाचून मंजूर केला.’ इथे मात्र मधुकररावांचे आडनाव घालावे. हे काम भैय्याजी गोन्नाडे यांनी पाहावे.

कलम ९. अनंतला काही ठेवत नाही. काल त्याला बोलावून इथवरचा कागद वाचून दाखवला. घराबद्दल तो एक शब्द बोलला नाही. आठव्या कलमापाशी म्हणाला, ‘बाबा, तुमचं नाव काढा तिथून. मी पाया पडतो.’ मी नाही म्हणालो. अकरा वर्षे त्याने मला झाकले आणि त्याच्या आडोशाला बसून मी त्यालाच शिव्या दिल्या. त्यासाठी माफी मागायला तोंड उघडले, तर कोराडीची शेवटची बस निघेल म्हणून तो उठला होता. ती माफी इथे लिहितो. तो हा कागद वाचेल तेव्हा मी समोर नसेन, हेही मला सोयीचेच आहे.

वरील मजकूर मी लिहिला, दोघा साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला आणि त्यांच्यादेखत सही केली. त्यांनीही माझ्यादेखत केली.

(सही) देवराव सोमाजी गजभिये

साक्षीदार:
१. (सही) भैय्याजी गोन्नाडे, जुळारी, राहणार मोहननगर. छापखान्याच्या कागदांवरची ती सही माझ्यासमोर झाली होती. मीही गप्प राहिलो.
२. (सही) बबनराव सोमकुंवर, निवृत्त शिक्षक, राहणार इंदोरा.

नागपूर, दिनांक ११ नोव्हेंबर १९७९