दोन किलोंच्या आतला व्हॅक्यूम क्लीनर

ता. ३ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. हिच्या मणक्याचे टाके सुकले, आता ती काठीशिवाय फाटकापर्यंत जाऊन येते, हे वाचून जीव भांड्यात पडला. ऑपरेशन झाल्यावर तू तिला तुझ्याकडे नेलंस ते फार बरं केलंस. तू जन्मभर इस्पितळात नर्स. तुझ्यासारखी शुश्रूषा मला कुठली जमायला!

आता मुद्द्याचं. डॉक्टरांनी तिला वाकायला बंदी केली आहे आणि दोन किलोंपेक्षा जास्त काही उचलायचं नाही म्हणून बजावलं आहे. म्हणजे केरसुणी गेली, बादली-फडकंही गेलं. घरी परतल्यावर तिचे हाल होऊ नयेत म्हणून मी व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचं ठरवलं आहे. गेले दोन आठवडे दुकानं पालथी घालतो आहे. काय एकेक सोंगं आहेत, सांगतो. एका विक्रेत्याने खिशातून पुडी काढली, त्यातली माती स्वतःच गालिच्यावर ओतली, यंत्राने ओढून घेतली, आणि चंद्रावर जाऊन आल्यासारखा माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटलं, बाबा रे, ही तू आणलेली माती. माझ्या कपाटाखालची वीस वर्षांची कुठे आहे?

दुसऱ्या दुकानात माहितीपत्रकावर वजन छापलेलं, एक किलो नऊशे. मी पिशवीतून स्प्रिंगचा काटा काढला आणि यंत्र टांगलं. दोन किलो चारशे! विक्रेता म्हणतो, छापलेलं वजन बॅटरी काढून आहे. मी विचारलं, केरसुद्धा बॅटरी काढूनच काढायचा का? त्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने मला चहा विचारला. वजनमापं तपासण्यात अडतीस वर्षं घातलेल्या माणसाला हे चहाने गुंडाळणार!

शेवटी एक सापडला. बॅटरी धरून एक किलो आठशे, मी स्वतः मोजून पाहिलं. दांडा हिच्या उंचीला नेमका बसतो. फक्त केराचं भांडं अगदी छोटं आहे, प्रत्येक खोलीनंतर रिकामं करावं लागेल. पण हिला काय, दिवसभर घरातच तर असते. निळा आणि राखाडी असे दोन रंग आहेत. कोणता आवडेल ते आडून आडून काढून घे. यंत्राचं मात्र बोलू नकोस, तिला चकित करायचं आहे. आणि डॉक्टर कधी सोडणार तेही कळव.

लोभ आहेच, रागावणंही असू दे.
तुझा,
मापाडी


ता. ७ नोव्हेंबर

चि. मापाड्यास,
अनेक आशीर्वाद, आणि तेवढेच कान उपटून.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं. दुसऱ्यांदा तुझ्या त्या काट्यालाच तुला टांगावंसं वाटलं.

घरात माणसं दोन. हात दोघांनाही दोन-दोन. एकीची पाठ चिरून शिवलेली आहे, दुसऱ्याची ठणठणीत. आता या घरात केर कोणी काढावा? शेंबडं पोरही सांगेल. आणि सरकारचा नावाजलेला निरीक्षक काय करतो, तर चिरलेल्या पाठीला झेपेल असं हत्यार शोधत गावभर हिंडतो! आमच्या इस्पितळातही असंच झालं होतं. सफाईवाल्या बायकांच्या पाठी गेल्या. माणसं वाढवा म्हणून आम्ही संप केला. व्यवस्थापनाने काय दिलं? लांब दांड्याचे पोछे. वर हारतुरे घालून फोटो काढले. त्या फोटोत मधोमध उभ्या असलेल्या गृहस्थाचं तोंड आणि तुझं हे पत्र, एका साच्यातलं आहे. त्यालाही वाटत होतं की आपण दयाळू आहोत.

आणि रंग विचारतोस! बेडीचा रंग कैद्याला विचारणारा तुरुंगाधिकारी अजून माझ्या वाचनात आलेला नव्हता. तो मान तुझा.

गुपित ठेव म्हणालास, ते मी ठेवलेलं नाही. वहिनीला पत्र अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं. रविवारी आमच्या संघटनेतल्या जुन्या चौघीजणी चहाला आल्या होत्या, त्यांनाही वाचून दाखवलं. बॅटरीपाशी हसल्या, दिवसभर घरात असते इथे चौघींनी कप खाली ठेवले.

डॉक्टर अठ्ठावीस तारखेला सोडणार आहेत. पण तू डॉक्टरांची तारीख विचारतोस, तिची नाही विचारत. काल तिने मला विचारलं की ही लहान खोली आणखी किती दिवस रिकामी राहील. मी म्हटलं, मी मरेपर्यंत तुझीच. ती उठली आणि बॅगेत राहिलेल्या दोन साड्या काढून कपाटात लावल्या. याचा अर्थ काट्यावर टांगून बघ.

राग कमी झाला की लोभ कळवीन.
तुझी,
ताई


ता. ११ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. (रीत म्हणून)

भावाचं घरगुती पत्र चारचौघींत वाचायचं आणि वर बिस्किटं खायची, याला तुमच्या संघटनेत काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. आमच्या खात्यात चहाडी म्हणत.

मी काही पाटावर बसून ऐतं खात नाही. पाच आठवडे मी हे घर एकट्याने झाडतो आहे. पहिला आठवडा, खरं सांगतो, काहीच केलं नाही. मग पायाला खरखर लागायला लागली. मग पलंगाखाली पाहिलं. पाहायला नको होतं. केरसुणी घेऊन वाकलो तो तिथेच अडकलो. पलंगाची कड धरून कसाबसा सरळ झालो. आता कंबरेला पट्टा बांधून हिंडतो. यंत्राचं मला सुचलं ते यातूनच. ज्याला दुखतं त्यालाच सुचतं, यात माझं काय चुकलं?

आणि तू तिची वकील असल्यासारखी बोलतेस ते तर अजिबात पटत नाही. एकतीस वर्षांत तिने केराबद्दल एकदाही तक्रार केली नाही. एकदाही नाही. केली असती तर हे यंत्र मी कधीच आणलं असतं. तिला स्वच्छतेची आवड आहे. ती तुझ्या भाषणांनी बिथरली नाही तर नीट घरी येईल.

तो हलका व्हॅक्यूम क्लीनर दुकानदाराने माझ्यासाठी बाजूला ठेवला आहे. रंग मीच ठरवीन.

लोभ तुझ्याकडे शिल्लक असेल तर पाठव.
मापाडी


ता. १५ नोव्हेंबर

अहो,
सप्रेम नमस्कार.

मी कधी पत्र लिहीत नाही म्हणून दचकू नका, सगळं ठीक आहे. तुमची पत्रं वन्सं मोठ्याने वाचून दाखवतात आणि मी पडल्या पडल्या ऐकते. आज म्हटलं आपणच लिहावं. हे पत्र दोघांना आहे. पाकीट उघडंच ठेवते, वन्सं टपालात टाकण्याआधी वाचतीलच.

आधी वन्संचं. त्या माझं सगळं प्रेमाने करतात, ते मी विसरणार नाही. पण त्या रविवारी त्यांनी चौघींना माझ्या खोलीच्या दाराशी आणून, बघा, ही अशी अवस्था, असं सांगितलं, तेव्हा मी जागी होते. डोळे मिटून पडले, कारण उघडले असते तर मला हसावं लागलं असतं. वन्संना बोलायला माझी पाठ मिळाली, तुम्हाला मोजायला मिळाली. माझ्याकडे फक्त दुखायला राहिली. आणि इथे केर काढायला एक बाई येते. तिला मुलं किती, तिचा गुडघा कोणता दुखतो, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. वन्संना सात वर्षांत तिचं नाव माहीत नाही. बाई अशी हाक मारतात. बायकांच्या कष्टांवर इतकं बोलतात ना, त्यांचा आवाज चालू असताना ती त्यांच्याच टेबलाखाली वाकलेली असते.

आता तुमचं. मी एकदाही तक्रार केली नाही म्हणता. केली होती. अकरा वर्षांपूर्वी. हेच यंत्र मागितलं होतं. तुम्ही मला दुकानात घेऊनही गेलात. मी त्या नळीला हात लावून बघत होते, आणि तुम्ही दुकानदाराला सांगितलंत की आमचं घर झाडायला बावीस मिनिटं लागतात, बावीस मिनिटांसाठी एवढं धूड कशाला. मला तोवर माहीत नव्हतं की तुम्ही घड्याळ लावून मला मोजलं होतं. दुकानदार हसला. मीही हसले. तुम्ही काय केलंत ते मी कधीच सोडून दिलं, पण माझं ते हसणं मला अजून टोचतं. पाठ तेव्हा शाबूत होती.

परत यायचं की नाही ते मी ठरवलेलं नाही. ही खोली लहान आहे, पण सकाळी ऊन येतं आणि कोणी काही मागत नाही. यंत्र घ्यायचं तर खुशाल घ्या. माझ्यासाठी म्हणून घेऊ नका.

तब्येतीला जपा. पट्टा झोपताना सोडायचा असतो, बांधून झोपू नका.
तुमची,
मी


ता. २० नोव्हेंबर

सप्रेम नमस्कार.

नेहमीसारखे आशीर्वाद लिहिणार होतो. पण देण्यासारखं माझ्यापाशी काही दिसेना, म्हणून नमस्कार.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी घड्याळ लावून स्वतःला मोजलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पलंगाखाली, दाराच्या फटी. एक तास बारा मिनिटं, आणि तरी कोपरे राहिले. मग आठवलं. त्या दिवशी मी फक्त पुढची खोली मोजली होती. तू आत गेलीस तेव्हा चहा समोर आला आणि मी घड्याळ बंद केलं. अर्धवट मोजून पूर्ण आकडा सांगणारा दुकानदार मला सापडला असता, तर मी त्याच्या दुकानाला टाळं लावून, चावी खिशात घालून आलो असतो. मी तो आकडा अकरा वर्षं खरा मानून चाललो. निवृत्तीच्या समारंभात माझ्या अचूकपणावर तिघे बोलले होते. त्यांना कोणी तरी कळवायला हवं.

बाजूला ठेवलेला हलका व्हॅक्यूम क्लीनर मी नको म्हणून सांगितलं. दुसरा घेतला. सहा किलो चारशे, चाकांवर चालणारा, केराचं भांडं बादलीएवढं. नळी दुकानातली सगळ्यात लांब, माझ्या खांद्याशी जुळवून घेतली. विक्रेता म्हणाला, हा बाईंना झेपणार नाही. मी म्हटलं, त्यांना तो हलवायचाच नाही. त्याला वाटलं मी विधुर आहे. आवाज खाली आणून बोलायला लागला. मीही दुरुस्त केलं नाही. तुझी तारीख माझ्याकडे नव्हती.

दोन दिवस चालवतो आहे. एक पायमोजा आणि पडद्याचं टोक आत गेलं, दोन्ही बाहेर काढली. कपाटाखालचं जे निघालं त्याबद्दल न लिहिलेलं बरं.

ताईला सांग, हे पत्र तिने सभेत वाचलं तरी चालेल.

कधी येतेस हे विचारत नाही. पट्टा सोडून झोपतो.

तुझा,
तूच ठरव काय ते


ता. २४ नोव्हेंबर

अहो,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. वन्संनी ते सभेत वाचलं नाही. घेऊन खिडकीत बसल्या आणि मनातल्या मनात दोनदा वाचलं, मला वाटलं यांना बरं नाही की काय. काल त्यांनी त्या बाईला नाव विचारलं. तिने सांगितलं, आणि वर म्हणाली, तुमचं मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. वन्संचं तोंड बघायला तुम्ही हवे होतात.

डॉक्टरांनी सोडलं की अठ्ठावीसला दुपारच्या गाडीने येते. स्टेशनवर या. बॅग तुम्ही उचला. दोन साड्या मात्र इथल्या कपाटातच ठेवून येते आहे. वन्संना तसं सांगितलं आहे, तुम्हालाही सांगते.

एक लक्षात ठेवा. मी येणार म्हणून घर झाडून ठेवू नका. केर असेल तसा राहू द्या.

रोज सकाळी तुम्ही पेपर वाचत बसायचात आणि मी खालून केर काढत यायचे. तुम्ही डोळे न उचलता दोन्ही पाय वर घ्यायचात, मी पुढे सरकले की खाली ठेवायचात. पान उलटायचात. मला तुमच्या तोंडापेक्षा तुमचे तळवे जास्त पाठ आहेत. डाव्या टाचेला भेग आहे, तुम्हाला तरी माहीत आहे का?

मी आले की तुमच्या खुर्चीत बसणार. पेपर मी वाचणार. तुम्ही तुमचं सहा किलोंचं धूड घेऊन या, कोपऱ्यापासून सुरुवात करा. खुर्चीपाशी आलात की मी पाय वर घेईन. किती वेळ लागतो ते मोजणार नाही. असे चार-सहा दिवस जाऊ देत. मग त्या साड्या आणायच्या की मीच त्यांच्याकडे जायचं, ते तुम्हाला कळवीन.

लोभ आहे तेवढाच आहे, पुरवून वापरा.
तुमची,
मी