दादा बस्सूचे एकेचाळीस दात

१४ ऑक्टोबर, मंगळवार

एकेचाळीस दात! एका माणसाचे. तेही एका वर्षात उपटलेले. माणूस आहे की मगर!

खाणीच्या आजारपणाच्या फंडानं यंदा दादा बस्सू नावाच्या एका म्हाताऱ्या खाणकामगाराच्या कार्डावर एवढे दात काढल्याचे पैसे भरले. शिवाय इन्शुलिन, पोरांच्या खोकल्याचं औषध, तीन चष्मे, विंचवाचं इंजेक्शन. राजधानीत, रबातला ऑफिसात सगळे पोट धरून हसले. मग आमचे साहेब, सी तौफीक, हसायचे थांबले आणि माझ्याकडे वळले. "यामना, तू त्याच बाजूची ना? जाऊन बघून ये." डोंगर म्हटला की यामना! गावाकडची माणसं डॉक्टरपर्यंत कशी पोचतात आणि पैसे कोण भरतं, याचा आमचं ऑफिस अभ्यास करतं. म्हणजे साहेब अभ्यास करतात, मी चढ चढते.

ट्रान्झिट गाडीत पिठाचं पोतं आणि एक मेंढा यांच्यामध्ये बसून आले. पुढे खेचर. गुडघा सुजलाय. सेहेचाळीसाव्या वर्षी हे धंदे शोभत नाहीत.

गावात पाऊल ठेवलं आणि दादा बस्सू कुठे म्हणून विचारलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "वर गेलाय, मेंढ्या घेऊन. येईल." रात्रीच्या मुक्कामाला मुकद्दम, म्हणजे गावातला सरकारचा माणूस, स्वतःच्या घरी नेत होता, तर गर्दीतनं एक म्हातारी पुढे आली आणि माझी पिशवी तिनं सरळ उचलली. "नवऱ्याची चौकशी करायला आलीय ना? मग माझ्याच घरी राहील." ही तूदा. बस्सूची बायको.

१५ ऑक्टोबर

घरोघरी फिरले. प्रश्न एकच — गेल्या महिन्यात घरात कोणी आजारी होतं? उत्तरही एकच — "ला बास, अल्लाची कृपा, सगळं ठीक!" आमच्याकडे असंच असतं. माणूस खाटेवर शेवटचे श्वास घेत असला तरी पाहुण्यानं विचारलं की आधी 'ला बास'. मीही तशीच. सकाळी तूदानं गुडघ्याचं विचारलं, तर म्हटलं ला बास. आणि जिना बसून उतरले.

पण आज मी उत्तरं ऐकतच नव्हते. तोंडं बघत होते. या घरात पुढचे दोन गायब, त्या घरात सासू-सून दोघींच्या दाढा नाहीत. माझ्याकडे बघून हसायचे आणि पटकन तोंडावर रुमाल. म्हटलं, हसा बाबांनो हसा. दात कुठनं कुठनं गेले ते कळलं मला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

दवाखान्यात गेले. एक खोली, एक कपाट, एक नर्स. सुमय्या तिचं नाव. खालच्या शहरातली पोर, पाच हिवाळे इथं काढलेत. इकडे बाईमाणसाला मानानं लल्ला म्हणतात. मी विषय काढायच्या आतच म्हणाली, "लल्ला, चहा आधी पिता की आधी मला ओरडता?"

चहा प्याले. मग तिनं सगळं ओकून टाकलं. पूर्वी गावात बऱ्याच जणांकडे गरिबांचं कार्ड होतं. मग सरकारनं घरोघरची मोजणी केली, कोण किती पैसेवालं त्याची. डिश आहे — आकडा वर. फोन आहे — आकडा वर. एकेकाचं कार्ड गेलं. उरलं ते फक्त बस्सूचं, खाणीचं. त्याच्यावर फोटो नाही, आणि त्याच्यावर सगळं मिळतं. "आता कार्ड आहे, औषध आहे, दारात माणूस विव्हळतोय. मी काय तोंड बघू त्याचं? नंबर लिहिते आणि देते." बाजारातला दातवालाही तेच करतो. तेवढंच नाही. फंडाकडून पैसे येतात म्हणून तर दवाखाना चालू आहे, असंही म्हणाली.

बोलताना एक बाई आत आली. पोट चांगलं पुढं आलेलं. मामास. इन्शुलिन हिचंच, लहानपणापासून घेते. नवऱ्याच्या नावावर एक जुनी मोटरसायकल, म्हणून हे घर पैसेवालं ठरलं! मला म्हणाली, "लल्ला, तुमच्या त्या मोजणीवाल्यांना विचारा, मोटरसायकल टोचून घेतली की साखर उतरते का?"

हसले.  

१८ ऑक्टोबर

दिवसभर तूदाबरोबर अक्रोड सोलले. हात काळेकुट्ट. महिनाभर जायचे नाहीत.

एक गोष्ट मात्र डोक्यात बसली ती बसलीच. मेंढ्या ऑक्टोबरात खाली येतात. आमच्या खोऱ्यात येतात, इथंही आल्यात, मी गोठ्यात आवाज ऐकते! मग बस्सू वर काय करतोय? आणि ज्यानं सगळी उमर खाणीची धूळ ओढली, त्याला हा घराचा जिना तरी चढवला असता का?

विचारलं नाही. कंटाळा आलाय विचारण्याचा.

२० ऑक्टोबर

विचारायची वेळच आली नाही. सकाळी ईदचं वाळवलेलं मटण घालून तूदानं मसूर शिजवले. ताट माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "आज सातवा दिवस. तू रबातची शिकलेली बाई. तुला अजून कळलं नाही का?"

म्हटलं, "कळलंय, खाल्ती." मावशीच म्हणते तिला आता.

"मग तोंडानं बोल ना! या गावात कुणी तरी बोला!"

बस्सू फेब्रुवारीत गेला. बर्फात वाट बंद होती. नीट अंघोळ घातली, मशिदीच्या फकीहनं नमाज पढला, दफन केलं. तिथवर सगळं रीतसर. मग पुरुष मशिदीबाहेर बसले आणि त्यांचं ठरलं. वर कळवायचं नाही. माणूस गेला की कार्ड गेलं, आणि मामासला तेव्हा नुकतीच शुद्ध हरपून खाली नेलं होतं. मुकद्दम म्हणाला, मी काही ऐकलं नाही, मी काही पाहिलं नाही. तूदालाही ते पटलं. "मीच हो म्हटलं. मी काय राक्षसीण आहे?" पण मग पांढरं नेसायचं नाही, हे तिला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पांढरी बाई म्हणजे विधवा. बाजारात कुणी पाहिलं, फंडाचा माणूस आला, की बिंग फुटलं. म्हणून हिरवा झगा, लाल रुमाल. नवऱ्याला पुरलं आणि चौथ्या दिवशी, वाट मोकळी होताच, एका लग्नात हिला टाळ्या वाजवत गायला लावलं. नाही गेली असती तर बाहेरगावच्या वऱ्हाडानं विचारलं असतं.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच.

"बेचाळीस वर्षं त्याचा खोकला ऐकला," म्हणाली. "त्याच्यासाठी पांढऱ्यातले चार महिने दहा दिवस मागते. जास्त मागते का?"

मला जेवण गेलं नाही. तिनं दटावून संपवायला लावलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

फकीहशी बोलले. भला माणूस आहे, लाजलेला आहे. म्हणतो, इद्दत, म्हणजे विधवेच्या दुखवट्याची मुदत, मृत्यूच्या दिवसापासून मोजतात, कपड्यापासून नाही. म्हणजे जूनमध्येच संपली. आता पांढरं नेसायचं कारण नाही.

तूदाला येऊन सांगितलं. ती पीठ मळत होती. वर बघितलंसुद्धा नाही. "अल्लाकडे संपली असेल. माझ्याकडे सुरूच झाली नाही."

२४ ऑक्टोबर

वरच्या अक्रोडाखाली उभं राहिलं तरच फोन लागतो. सी तौफीक. "काय मग, दात सापडले का?" मागं कोणीतरी हसलं. मग कामाचं बोलले. फसवणूक असेल तर फंडाला कळव. नोंदणीची चूक असेल तर तो माणूस अभ्यासातनं वगळ. "सोपं आहे, यामना."

सोपं! कळवलं तर मामासचं औषध बंद. वगळलं तर दादा बस्सू कागदावर आणखी वीस वर्षं दात काढून घेणार आणि ही म्हातारी लाल रुमालात मरणार. रबातला खुर्चीत बसून सगळंच सोपं असतं.

थकलेय मी. चढानं नाही. गेली अठरा वर्षं मी लोकांना विचारतेय की डॉक्टर किती लांब आहे, आणि तो एका पावलानंही जवळ आलेला नाही.

२५ ऑक्टोबर

मामास आली होती. मी आतल्या खोलीत, दोघी चुलीपाशी. सगळं ऐकू येत होतं.

"खाल्ती, तू घाल पांढरं. मी बघते माझं."

"काय बघतेस? इन्शुलिनऐवजी काय टोचशील, पुदिन्याचा चहा?"

"नवरा मोटरसायकल विकेल."

"ती? तिला कोण घेणार? ती ढकलत नेण्यासाठी वेगळा माणूस ठेवावा लागतो!"

दोघी हसल्या. मग मामास रडायला लागली. तूदा तिला रागानं बोलत होती, "रडू नकोस, पोर वाकडं होईल," आणि स्वतःही रडत होती. 

मला तिथनं उठून पळून जावंसं वाटलं. इतकं स्पष्ट लिहिते, कारण इथं कोणी वाचणार नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

करून बसले!

माझं कार्ड. सरकारी नोकरीचं. बाजारातला औषधवाला त्यावर औषध देतो आणि पैसे परस्पर घेतो. माझ्यावर आत्तापर्यंत फारसं काही खर्ची पडलेलं नाही. गुडघ्याची पट्टी तेवढी. त्यावरही फोटो नाही. सकाळी दवाखान्यात जाऊन सुमय्याच्या हातात ठेवलं. तिनं माझ्याकडे बघितलं, कार्डाकडे बघितलं. "लल्ला, तुम्हाला ताप आहे का?"

म्हटलं, ऐक. फक्त मामास. फक्त इन्शुलिन. दात नाहीत, चष्मे नाहीत, कोणाच्या पोराचा खोकला नाही. एकदा बोलले, दोनदा बोलले, तिसऱ्यांदा मामासला समोर उभं करून बोलले. मामासनं माझा काळा हात हातात घेतला आणि कपाळाला लावला. मला आवडलं नाही. म्हणजे, आवडलं.

मग तूदाला घेऊन मुकद्दमकडे. त्याला सांगितलं की दादा बस्सू वारले आहेत आणि तुम्ही आज ते ऐकलं आहे. त्यानं घसा खाकरला. "केव्हा वारले म्हणू?" मी काही बोलायच्या आत तूदा म्हणाली, "आज." मुकद्दमनं माझ्याकडे बघितलं. मी गुडघा चोळत बसले.

अहवालात लिहिलं — कार्डधारक मयत. सी तौफीकना वाटेल, सुंठीवाचून खोकला गेला.

२७ ऑक्टोबर

पहाटे उठले तर तूदा अंगणात उभी. पांढरा झगा, पांढरा रुमाल, पांढरे मोजे, पांढऱ्या चपला. सगळं पेटीत घडी घालून ठेवलेलं होतं, घड्या तशाच दिसत होत्या. बायका एकेक करून आल्या, दुखवट्याची साखर घेऊन, जणू तो रात्रीच गेला. कुणी म्हणालं नाही, अगं आता कशाला. रीतसर गळ्यात पडून रडल्या. मीही रडले. मला तर तो माणूस माहीतही नव्हता!

निघताना तिनं अक्रोडांची पिशवी दिली. स्वतःच्या पांढऱ्या बाहीला हात लावून एवढंच म्हणाली, "म्हणून तर तुला घरात घेतलं होतं."

११ नोव्हेंबर

रबात. सर्दी. हात अजून काळे. बाजारच्या औषधवाल्याकडून नोंद आली, इन्शुलिन दिलं. ऑफिसात कोणाच्या लक्षात नाही. असले आकडे शोधायचं काम माझ्याच टेबलावर येतं.

२३ नोव्हेंबर

काही नाही. पाऊस. साहेबांनी नवीन खोरं काढलंय.

९ डिसेंबर, मंगळवार

सुमय्याचा फोन. मामासला मुलगी झाली. वाट बर्फानं बंद व्हायच्या आत शहरातल्या इस्पितळात नेली होती, पोट फाडावं लागलं, दोघी ठीक आहेत. "पण लल्ला," म्हणाली आणि थांबली. मग एका दमात — दारात कार्ड मागितलं, मामासनं माझं तेच दाखवलं, आणि पोरीच्या जन्माच्या कागदावर आईचं नाव यामना पडलंय.

माझं! काडीमोड झालेली बाई, मूल कधी झालं नाही म्हणूनच काडीमोड झालेली. आता वकील, कचेऱ्या, सी तौफीकचं तोंड, नोकरी — सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. ओरडायला तोंड उघडलं.

आणि विचारलं, "कोणासारखी दिसते?"