ऋताच्या गाण्याचा आकडा

मी, अभिनव अनंतराव गिरडकर, वय एकोणतीस, राहणार गुढ़ियारी, रायपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी शुद्धीवर आहे, नशा करत नाही, मला कोणी धाक किंवा लालूच दाखवलेली नाही. भीती वाटते आहे. पण भीती वाटणं आणि डोकं ठिकाणावर नसणं या कायद्याने वेगवेगळ्या गोष्टी आहेत, असं वकीलसाहेबांनी सांगितलं. हिंदीत लिहिलंत तर कचेरीत सोपं जाईल, असंही ते म्हणाले. परंतु हा कागद सर्वांत आधी माझे वडील वाचणार आहेत आणि ते मराठीतलंच शेवटपर्यंत वाचतात. म्हणून मराठीत. माझं शिक्षण दहावीपर्यंतच झालं आहे. मालधक्क्याजवळ एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी बिल्टी लिहितो. बिल्टीत गावाचं नाव चुकलं तर माल भलतीकडे उतरतो, त्यामुळे मला सावकाश लिहायची सवय आहे. या कागदात कुठेही खाडाखोड नाही. पुढे दिसली तर ती माझी नाही असं समजावं.

लिहिण्याचं कारण असं की लहानपणी मला सांधे सुजण्याचा ताप आला होता, त्याने हृदयाची एक झडप आकसली. पुढच्या आठवड्यात ती बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, बहुतेक सगळे बरे होऊन घरी जातात. मी "बहुतेक" ऐकलं आणि येताना कोरे कागद घेऊन आलो. बरा झालो तर हे फाडून टाकीन, आणि यात लिहिलेल्या गोष्टींवरून मला कोणी टोमणे मारू नयेत.

कलम १. घर माझं नाही. ते बाबांनी रेल्वेतून निवृत्त झाल्यावर घेतलं, त्यांच्याच नावावर आहे, त्याबद्दल लिहायचा मला अधिकार नाही. फक्त विनंती आहे. माझी बायको ऋता हिला वाटेल तोवर तिथे राहू द्यावं. पुढची खोली तिच्या रियाजाला राहू द्यावी आणि टीव्ही मागच्या खोलीत न्यावा. बाबांना तो तिथे नीट दिसत नाही हे मला माहीत आहे. खुर्ची पुढे ओढून घ्यावी.

कलम २. बँकेत जे असेल ते, आणि ऑपरेशनच्या खर्चातून जे उरेल ते, सगळं ऋताचं. मोटरसायकलही तिचीच. ती चालवत नाही, तेव्हा विकावी, पण आमच्या ऑफिसातल्या कोणाला विकू नये. मी ती रोज तिथे उभी करत होतो. तिथेच दुसऱ्या कोणाची म्हणून उभी राहिलेली मला नको आहे. याला दुसरं काही कारण नाही.

कलम ३. माझी ढोलक विशालला द्यावी. विशाल आमच्या भजनाच्या कार्यक्रमात की-बोर्ड वाजवतो आणि माझा मित्र आहे. ढोलक त्याने फार ताणू नये, तो सगळंच ताणतो. मित्र असला तरी एक गोष्ट लिहून ठेवतो. मी गिऱ्हाइकाला रेट सांगितला की हा मागून जाऊन म्हणतो, "भैया से मैं बात कर लूँगा, थोड़ा कम करवा दूँगा." त्याला वाटतं असं बोलल्याने लोक आपल्याला चांगलं म्हणतात. म्हणतातही. पण मग सगळे त्यालाच आधी फोन करतात.

कलम ४. मिक्सर आणि दोन माइक गुलाबराव टेन्टवाल्यांच्या गोदामात ठेवलेले आहेत, ते ऋताचे आहेत. गुलाबराव या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणार आहेत, त्यामुळे हे कलम त्यांच्या वाचनात येईलच.

कलम ५. हे मोठं आहे. ऋताचं गाणं. वकीलसाहेब म्हणाले, गाणं ही काही मृत्युपत्रात देण्याची मालमत्ता नाही, शिवाय ते तुमचं नाही, तिचं आहे. मी म्हटलं, बरोबर, गाणं तिचं आहे, पण त्याचा आकडा मी सांगतो. मी नसताना तो कोण सांगणार, एवढंच मला लिहायचं आहे. ते म्हणाले, मग लिहा, कोणी अडवत नाही.

माझे बाबा चाळीस वर्षं भजन म्हणत आले. त्यांनी कधी कोणाकडे पैसे मागितले नाहीत. बिदागी म्हणून समोरून जे येईल ते घ्यायचं, बहुतेक वेळा नारळ आणि उपरणं यायचं, तेही कपाळाला लावून घ्यायचं. आमच्या घरी उपरणी इतकी होती की आई त्यांच्या उशांच्या खोळी शिवायची. बाबांची नोकरी होती, म्हणून ते चाललं. ऋताला नोकरी नाही. तिचा गळा हीच तिची नोकरी आहे, आणि त्या गळ्यावर गोंदियाला तिच्या गुरुबाईंनी अकरा वर्षं मेहनत घेतली आहे. लग्न होऊन ती आमच्या घरी आली आणि लोक तिलाही नारळावर बोलवायला लागले. तुझे सासरे तर असेच गायचे, म्हणायचे. तेव्हा मी ढोलकवर बसलो आणि रेट ठरवला, एकवीस हजार, त्यात साथीला वाजवणारे धरून आम्ही पाचही जण.

ऋताला आकडा सांगता येत नाही. एकदा मी आंघोळीला गेलो असताना तिने फोन घेतला. तिने एकवीस म्हटलं, आणि पलीकडचा माणूस काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाली, पण तुमची अडचण असेल तर बघू. त्याची काही अडचण नव्हती. मी टॉवेलवर बाहेर आलो तोवर तिने तेरावर आणलं होतं. आम्ही दोघं त्यावर पुष्कळ हसलो. तो माणूस अजूनही दर वर्षी तेरावरच बोलवतो.

मी एवढा रेट का धरून ठेवतो हे विशालला कळत नाही, म्हणून इथे लिहितो. आकडा खाली आला की कार्यक्रम वाढतात. दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीत तात्यापाऱ्यातल्या एका मंडळाच्या सचिवांनी बाबांना गाठलं आणि म्हणाले, सूनबाईंचं एक भजन ठेवू या, आपलंच मंडळ आहे. बाबा हो म्हणाले. ऋताला विचारलं नाही, मलाही नाही. त्यांच्या पिढीत गाणाऱ्याला विचारत नसत, घरच्या मोठ्याला विचारत. त्याच दिवशी दुपारी तेलीबांध्याला आमचा ठरलेला कार्यक्रम होता आणि ऋताला सर्दी होती. मी म्हटलं, मंडळाला नाही म्हणून सांगतो. बाबा म्हणाले, मी शब्द दिला आहे. ऋता म्हणाली, जाऊ द्या, होईल. एक भजन म्हणून गेलेली ती तिथे दोन तास बसली, कारण फर्माइशी येत राहिल्या आणि नको म्हणायला तिच्याकडे काही नव्हतं. पैसे ठरवले असतील तर वेळही ठरलेली असते. फुकटच्या गाण्याला शेवट नसतो.

दुसऱ्या दिवशी तिने चहा ठेवला आणि मला हाक मारायला गेली, तर आवाजच फुटला नाही. डॉक्टरांनी गळ्यात कॅमेरा घालून बघितलं, स्वरतंतूवर गाठ होती. पाच महिने ती गायली नाही, त्यातले पहिले काही आठवडे बोललीही नाही. भाजीवाल्याला बोटाने दाखवायची. सचिवसाहेबांनी घरी नारळ पाठवला होता आणि निरोप दिला होता की बेटी का गला कल थोड़ा बैठा हुआ था, पर मज़ा आया. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना माझ्याकडून काही देणं नाही, आणि माझ्या मयतीला आले तर चहा द्यावा.

तो नारळ आमच्या घरी कोणी फोडला नाही. एके दिवशी बाबा तो पिशवीत घालून सायकलवर महादेवघाटाला गेले आणि खारून नदीत सोडून आले. मला ते घाटावरच्या फुलवाल्याकडून कळलं. त्या दिवसापासून बाबांनी गाणं बंद केलं. मंडळात कोणी विचारलं तर म्हणतात, आता दमा आहे. त्यांना दमा नाही. माझा त्यांच्यावर राग होता. तो गेला आहे, हे मी इथे लिहून देतो, कारण तोंडाने सांगायला गेलो तर ते उठून बाहेर जातात.

कलम ६. ऋताचा गळा आता बरा आहे पण तो पूर्वीसारखा दणकट नाही, म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात. एका दिवशी दोन कार्यक्रम घेऊ नयेत, कोणी कितीही ओळखीचा असला तरी. आकडा सांगून झाल्यावर गप्प बसावं, पलीकडच्याने बोलेपर्यंत. ही गोष्ट वाटते त्यापेक्षा कठीण आहे. लोकांनी ओवाळून टाकलेल्या नोटा रेटमध्ये धरू नयेत, त्या साथीला बसलेल्या सगळ्यांच्या. तेरवीच्या घरी घासाघीस करू नये. ज्यांना झेपतं त्यांनी पूर्ण द्यावं, आणि आपल्या पाऱ्यातलं, म्हणजे मोहल्ल्यातलं, गरीब घर असेल तर काहीच घेऊ नये आणि त्याची वाच्यता करू नये. अर्धा रेट कधी ठेवू नये. त्यात देणाऱ्यालाही वाईट वाटतं आणि गाणाऱ्यालाही.

कलम ७. माझ्या स्वतःच्या तेरवीला ऋताने गाऊ नये. घरचंच आहे, एक होऊन जाऊ दे, असं कोणीतरी म्हणेलच. रडलेल्या गळ्याने गायलं तर गाठ परत येऊ शकते, असं डॉक्टरांनी मला वेगळं बोलावून सांगितलं होतं. तिला मी ते सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा रडण्यासारखं काही नव्हतं. विशालने गावं, त्याला भजनं येतात. त्याचे पैसे तो घेणार नाही, ते त्याच्या आईच्या हातात द्यावेत.

कलम ८. ऋताला पुन्हा लग्न करावंसं वाटलं तर तिने करावं. बाबांनी ते पुढाकार घेऊन करून द्यावं. त्या माणसाला गाणं कळलं नाही तरी चालेल. फक्त तिच्या वतीने परस्पर हो म्हणणारा नसावा. हे कलम लिहिताना मला वेळ लागला. पण ते कोणी सांगितलं म्हणून लिहिलेलं नाही.

कलम ९. माझ्यामागे ऋताच्या गाण्याचा आकडा कोणी सांगावा. विशालबद्दल वर लिहिलं आहे. ऋताबद्दलही लिहिलं आहे. गुलाबराव टेन्टच्या बिलात सगळं एकत्र करून टाकतील. मी खूप विचार केला आणि हे काम माझे वडील श्री. अनंतराव गिरडकर यांना देत आहे.

वाचणाऱ्याला हे उलटं वाटेल, म्हणून कारण देतो. मागच्या महिन्यात मी तपासणीसाठी दवाखान्यात भरती होतो. ऋता खाली औषधं आणायला गेली होती. माझा फोन खिडकीपाशी चार्जिंगला लावला होता, तो वाजला आणि बाबांनी उचलला. तेलीबांध्याचं कोणी होतं, घरभरणीसाठी भजन हवं होतं. मला वाटलं आता बाबा हो म्हणून टाकतील. मी पलंगावरून त्यांना बोटांनी दोन आणि एक दाखवत होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पाठ फिरवली आणि म्हणाले, "इकतीस. और गाड़ी आपको भेजनी पड़ेगी." त्यानंतर ते गप्प बसले. मी त्यांना हे कधी शिकवलं नव्हतं. पलीकडचा माणूस बराच वेळ काही बोलला नसावा. बाबांचा शर्ट पाठीवर ओला झालेला मला दिसत होता. मग ते म्हणाले, "हव, ठीक है," आणि फोन ठेवून खुर्चीवर बसले, आणि मला म्हणाले, "पाणी दे रे." मला सलाइन लावलेली होती हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

म्हणून हे काम त्यांना. पण त्यांच्या परवानगीशिवाय लिहायचं नाही असं ठरवून मी काल त्यांना विचारलं. ते म्हणाले, "मले काहून? मी जन्मात कोणाले आकडा सांगितला नाही."

मी म्हटलं, "दवाखान्यात सांगितला ना बाबा. माझ्यापेक्षा दहा जास्त."

ते चपलेचा अंगठा नीट करत बसले. मग म्हणाले, "तेव्हा तू होता ना तिथं. तू ऐकून राहिला होता म्हणून सांगितला. तू नसला त कोणाले ऐकवू?"

याचं उत्तर मी रात्रभर शोधलं. म्हणून हे कलम इथेच ठेवून ते उत्तर आज सकाळी पुढच्या कलमात लिहीत आहे, आणि ते माझं शेवटचं कलम आहे.

कलम १०. बाबांनी फोन पुढच्या खोलीत घ्यावा, बाहेर ओट्यावर जाऊन घेऊ नये. त्या वेळी ऋता घरात असावी. रियाज करत असेल तर थांबावं. आकडा एकतीसच सांगावा, आणि तो तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगावा.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला आणि तो माझ्या मनासारखा आहे. याआधी मी असा कागद केलेला नाही. सही मी साक्षीदारांच्या समोर करत आहे, आणि त्यांना या कागदाने काहीही मिळत नाही.

ठिकाण: गुढ़ियारी, रायपूर
दिनांक: १७ जानेवारी २०२५

(सही) अभिनव अनंतराव गिरडकर

साक्षीदार:

१. (सही) सौ. पद्मजा देवईकर, शेजारी. अभिनवने माझ्यासमोर सही केली. अक्षर नेहमीसारखंच आहे.

२. (सही) गुलाबराव बोंद्रे, टेन्ट हाऊस. कलम ४ वाचलं. मिक्सर आणि माइक उद्या घरी पोचवतो.