बाहेरचा पत्ता

५ जुलै ९९, सोमवार
कॉलेजला इंटरनेटची लाइन देणाऱ्या चेन्नईच्या कंपनीचं उत्तर आलं. तिरुभुवनम्‌च्या विणकर सोसायटीची इंटरनेटची पानं बाहेरच्या जगाला दिसायला हवी असतील तर नवी मशीन घ्या, ती आमच्याकडे चेन्नईत ठेवा, वेगळा करार करा. सहा आठवडे लागतील. प्रिन्सिपॉलनी पत्र माझ्यापुढे सरकवलं. म्हणाले, बघ, होत नाही म्हणतात.
मी म्हटलं, होत नाही असं कुठे आहे सर? आम्ही नवी मशीन विकू, एवढंच आहे.
ते हसले नाहीत. मीही नाही.
सिंगापूरची दुकानवाली बाई २६ तारखेला पानं बघणार आहे. तिची दिवाळीची खरेदी त्याच आठवड्यात ठरते. चित्रं मेलने पाठवून पाहिली होती, तिची मेलपेटी भरून सगळी परत आली. सहा आठवडे कुठून आणू?

७ जुलै, बुधवार
नीलमेघम्‌ अय्या माझ्या कम्प्युटर लॅबमध्ये आले. चपला बाहेर काढून, हात पाठीमागे बांधून, देवळात उभं राहावं तसे. सोसायटीतले सगळ्यांत जुने विणकर. काठ-पदराची नक्षी अजून स्वतः ग्राफच्या कागदावर काढतात, एकेक चौकोन पेन्सिलीने भरून. शेवटच्या वर्षाच्या तीन मुलींनी ते कागद आणि साड्यांचे फोटो स्कॅन करून चाळीस पानं केली. कोपऱ्यातल्या सिस्टीमवर आहेत. कॉलेजात कुठूनही उघडतात, कॉलेजच्या भिंतीपलीकडे कुणालाच दिसत नाहीत.
अय्या इथल्या विणकरांच्या सौराष्ट्रीत बोलतात, मी आमच्या तंजावुरी मराठीत. अर्धं कळतं, उरलेलं तमिळमध्ये. त्यांनी विचारलं, पानावर माझं नाव आहे का? दाखवलं. प्रत्येक साडीखाली विणणाऱ्याचं नाव आहे, मुलींचीच कल्पना. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, व्यापारी साडी नेतो, वर त्याची चिठ्ठी लावतो. इतकी वर्षं विणतोय, घेणाऱ्याला माझं नाव कधी कळलं नाही.
मग म्हणाले, "इथे तुम्हीच बघणार असाल तर ते मला घरीसुद्धा ठाऊक आहे."
बरोबरच होतं. चहा मागवला, अय्या प्यायले नाहीत.

९ जुलै, शुक्रवार
दोन दिवस राउटरचं जाडं पुस्तक घेऊन बसले. डोकं दुखलं पण सापडलं.
आत साठ सिस्टीम, बाहेर जाताना सगळ्या मिळून एकच पत्ता वापरतात. आतला कुणी बाहेर गेला तर राउटर लक्षात ठेवतो आणि उत्तर त्याच्याकडे आणून देतो. पण बाहेरचा कुणी आपणहून आला तर साठांतल्या कुणाकडे न्यायचा, त्याला ठाऊक नाही. परतवून लावतो. लाइन घेतली तेव्हा बाहेरचे सहा पत्ते मिळालेत, पाच नुसते पडून. त्यातला एक कोपऱ्यातल्या सिस्टीमला कायमचा बांधायचा. आतला हा, बाहेरचा हा, बदलायचा नाही. स्टॅटिक. एक ओळ.
एक ओळ! सहा आठवडे मागत होते.
पासवर्ड कंपनीच्या श्रीनिवासन्‌कडे असतो. पण एप्रिलमध्ये लाइन पडली तेव्हा त्याला यायचं नव्हतं, म्हणून फोनवर मलाच सांगितला. हे टाइप करा आणि विसरून जा, म्हणाला. विसरायची माझी सवय नाही.

१२ जुलै, सोमवार
प्रिन्सिपॉलना सगळं सांगितलं. कागदावर रेघा काढून. ते घड्याळ बघत होते. शेवटी म्हणाले, कर, पण काही बिघडलं तर मला ठाऊक नव्हतं.
हे हो की नाही? मी हो धरलं.
चार वाजता लॅब रिकामी झाल्यावर केबल लावून ओळ घातली. आणखी दोन-तीन ओळी अशा, की बाहेरून येणाऱ्याला फक्त पानं मिळतील, सिस्टीममधली बाकीची दारं बंद. त्या तिघी मुली तेवढ्या थांबल्या होत्या, चारदा विचारलं, झालं का अक्का?
बाहेरचा पत्ता टाकला. काही नाही. पुन्हा टाकला. काही नाही.
राउटरच्या मेमरीत पक्कं लिहिलं नाही. बंद करून चालू केला की जसा होता तसा, म्हणजे काही मोडलं तरी मोडलेलं राहणार नाही. तेवढी अक्कल आहे.

१३ जुलै, मंगळवार
पुस्तकात बारीक अक्षरात: आतल्या सिस्टीमवरून आपलाच बाहेरचा पत्ता उघडणार नाही. बाहेर जाऊनच बघायला हवं. काल दीड तास मी स्वतःच्याच भिंतीला धडका मारत होते.
उद्या अर्धी रजा. तंजावूर, इंटरनेटचं दुकान तिथेच आहे.

१४ जुलै, बुधवार
तंजावूर बसस्टँडजवळचं ब्राउझिंग सेंटर. दहा मिनिटं पान पांढरं, मग "उत्तर नाही". आता मात्र रडू येणार होतं. आणलं नाही.
परतीच्या बसमध्ये पापनाशम्‌जवळ डोक्यात आलं. आपली कोपऱ्यातली सिस्टीम कधी कॉलेजबाहेर गेलीच नाही. तिला बाहेर जायची वाट सांगितलेलीच नाही. मीच, दोन वर्षांपूर्वी, तो रकाना रिकामा ठेवला होता. बाहेरून हाक येत असणार, तिला ऐकूही येत असणार. उत्तर कुठून पाठवायचं ते ठाऊक नाही.
स्टँडवरून थेट कॉलेज. रकाना भरला. घरी वडिलांना, अण्णांना, जेवायला उशीर झाला. ताटावर बसून म्हणाले, कशास ही उठाठेव तुज? पगार तोच की. मी त्यांना उडदाच्या पिठाची डांगर पचडी वाढली.

१६ जुलै, शुक्रवार
पुन्हा तंजावूर. या वेळी अय्यांना बरोबर नेलं. धोतर-शर्ट इस्त्रीचा.
लाइन हळू. चित्र वरून खाली पट्टीपट्टीने उतरत होतं. आधी काठ, मग अंग, मग पदर. अय्या पडद्याला नाक लावून. शेवटी खाली नाव आलं. त्यांनी बोट ठेवलं, पण काचेला लावलं नाही.
"हे इथलं नाही ना? तिथून येतंय ना?" तीनदा विचारलं. मी तीनदा हो म्हटलं.
बसमध्ये सबंध वाटभर त्यांनी मला रेशीम भिजवायची गोष्ट सांगितली. निम्मी कळली. इतकी खूश मी कधी होते आठवत नाही.
सिंगापूरला पत्ता कळवला.

२१ जुलै, बुधवार
श्रीनिवासन्‌ तपासणीला आला. टाय, बॅग, एसीत घाम. राउटरमध्ये माझ्या ओळी पाहिल्या. विचारलं, हे कुणी केलं? मी म्हटलं, मी. त्याने वर पाहिलंच नाही. प्रिन्सिपॉलकडे वळून म्हणाला, सर, लॅब असिस्टंटने हात लावला तर आमची जबाबदारी संपली. उद्या कुणीही बाहेरचा आत शिरेल.
मी म्हटलं, बाकीची दारं बंद आहेत, बघा, पुढच्याच ओळी आहेत. त्याने वाचल्या. वाचल्या हे मी पाहिलं. तरी सगळ्या खोडल्या. पासवर्ड बदलायचा राहिला, ट्रेनची घाई.
प्रिन्सिपॉल माझ्याकडे न बघता म्हणाले, मला काही ठाऊक नव्हतं.
पाचला मेमो. परवानगीवाचून कॉलेजच्या उपकरणात फेरफार. तीन दिवसांत खुलासा. सोबत माफीचा मजकूर टाइप करून तयार, सहीची जागा रिकामी.

२२ जुलै, गुरुवार
अण्णा सकाळी कॉफीच्या वेळी: "सही करून टाक पद्मा. दोन ओळींची तर गोष्ट."
मी म्हटलं, दोन ओळींत चूक माझी असं आहे. ती नाही.
अण्णा वाटीसारख्या डबऱ्यातली कॉफी पेल्यात वर-खाली ओतत बसले. मग आजवर कधी न सांगितलेलं सांगितलं. मी लहान असताना त्यांच्या ऑफिसात एक फाइल हरवली. साहेबाच्या घरी होती, सगळ्यांना ठाऊक. माफीवर सही अण्णांनी केली. आम्ही तीन पोरं, आई आजारी. म्हणाले, नोकरी राहिली. पण रिटायर होईपर्यंत त्या साहेबापुढे म्यां कधी मान वर केली नाही. चूक त्याची, लाज मज.
मी कॉफीची भांडी उचलली. मी निघाले तेव्हा अण्णा म्हणाले, मी सांगितलं म्हणून सही करूं नकोस.

२३ जुलै, शुक्रवार
खुलासा लिहिला. तमिळमध्ये नाही, इंग्रजीत, म्हणजे कंपनीच्या वरच्या साहेबांपर्यंतही जाईल. काय केलं, कुठल्या तारखेला, कुणाला आधी सांगून, कुठली दारं बंद ठेवून. "माफी" हा शब्द नाही. दोनदा वाचला, कुठे चुकून आला तर. माफीचा टाइप केलेला कागद जसाच्या तसा परत जोडला, सहीची जागा रिकामी.
क्लार्क म्हणाला, मॅडम, हे बरं नाही. मी म्हटलं, शिक्का मारून प्रत द्या.

२४ जुलै, शनिवार
अर्धा दिवस. सोमवारी सिंगापूर बघणार आणि बघायला काहीच नाही.
अय्या आले होते. त्यांना कुणीतरी सांगितलं. म्हणाले, माझ्यापायी तुझी नोकरी जायला नको, माझं नाव इतकी वर्षं नव्हतंच.
ते ऐकल्यावर ठरलं.
सगळ्यांदेखत, एक वाजता, दार उघडं ठेवून केबल लावली. पासवर्ड तोच. ओळी घातल्या. या वेळी मेमरीतही पक्क्या लिहिल्या. करंट गेला तरी राहतील, माझ्याखेरीज दुसऱ्याने खोडल्या तरच जातील, आणि खोडणाऱ्याचं नाव मी विचारणार.
मग स्वतः जाऊन प्रिन्सिपॉलना सांगितलं. लपवून काही नाही. ते म्हणाले, तू मला अडचणीत आणतेस. मी म्हटलं, सर, १२ तारखेला तुम्ही "कर" म्हणालात. ते म्हणाले, तुला असं वाटलं असेल.
म्हणजे दोष माझ्या कानांचा.
तंजावूर, तिसऱ्यांदा. उघडलं.

२६ जुलै, सोमवार
दिवसभर नोंदी बघत बसले, कोण आलं ते सिस्टीम लिहून ठेवते. साडेअकरापर्यंत कुणी नाही. मग एक बाहेरचा पत्ता, सिंगापूरचा. पान एक, दोन, तीन. बाई नऊवर थांबली, परत सातवर गेली. चाळीसच्या चाळीस. मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना गप्प केलं आणि मग मीच हसत सुटले.
राउटरला कुणी हात लावला नाही. खुलाशाचं उत्तरही नाही.

२७ जुलै, मंगळवार
सिंगापूरचं मेल. सात आणि एकवीस नंबरच्या साड्यांचे नमुने पाठवा, हातात घेतल्यावर ठरवू. खाली विचारलंय, सातवर ज्यांचं नाव आहे ते अजून विणतात का?
दुपारच्या बसने तिरुभुवनम्‌ला जाऊन वाचून दाखवलं. अय्यांनी माग थांबवला नाही. धोटा टाकता टाकता म्हणाले, विणतात म्हणून लिही.

२९ जुलै, गुरुवार
शिपाई एकाच खेपेत दोन कागद घेऊन आला.
पहिला: खुलासा समाधानकारक नाही. सोमवारी चौकशी, कमिटीसमोर हजर राहावं. कंपनीचे प्रतिनिधी येतील.
दुसरा, प्रिन्सिपॉलच्याच सहीचा: आडी (आषाढ) महिन्यात ऍडमिशनची चौकशी वाढते, तरी कॉलेजची माहितीपानंही "त्याच रीतीने" बाहेरून दिसतील अशी व्यवस्था शनिवारपर्यंत करावी. कुणी करावी ते लिहिलेलं नाही. पाकिटावर माझं नाव.
दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचले. शिपाई म्हणाला, हसताय काय मॅडम?
उत्तर लगेच लिहिलं. पाच पत्ते शिल्लक होते, त्यातले चार अजून आहेत. काम अर्ध्या तासाचं. करीन. लेखी हुकूम द्यावा, त्यात माझं नाव, माझा हुद्दा आणि राउटरला हात लावायची परवानगी, तारखेसह. तोवर नाही.
अण्णांना दाखवलं. चष्मा लावून वाचलं, एका जागी स्वल्पविराम घालायला सांगितला. घातला.
साडेचारला ऑफिसात नेऊन दिलं. क्लार्क म्हणाला, ठेवा तिथे, सर आले की देतो. मी म्हटलं, उभी आहे. शिक्का मारा, वेळ घाला, सही करा.
त्याने सही केली.